एकाच वाफ्यातली दोन पोरं

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचा तक्ता ज्यानं भरला असेल, त्याला त्यातला 'शाळेत न जाण्याचे कारण' हा रकाना आठवत असेल. जिल्हा परिषदेच्या नोकरीत मी तो किती वेळा भरला याची मोजदाद नाही. स्थलांतर, भावंडं सांभाळणं, गुरं वळणं, आवड नाही, लग्न. पाच-सहा कारणांत सगळा तालुका बसायचा.

निवृत्तीनंतर एकदा माझ्या भाच्याच्या घरी होतो. चोपडा तालुक्यात, तापीकाठी. गावातल्या शाळेचा तरुण शिक्षक तक्ता घेऊन ओट्यावर बसलेला. समोर भाच्याच्या एकत्र कुटुंबातली सात मुलं. त्यातलं एकही शाळेत जात नाही, आणि एकालाही वरच्या कारणांपैकी कुठलंच लागू नाही. भाचेसुनेनं चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "लिहा ना सर, घरीच शिकतात म्हणून." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याच पेशातला जुना माणूस, काही तोड काढीन असं त्याला वाटलं असावं. पण तसा रकाना नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी 'इतर'वर खूण करून तो उठला. जाताना गोठ्यापाशी त्याला सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, पोरगा दिसला, दहा-अकरा वर्षांचा, कडब्याची पेंढी ओढत होता. त्याच्यासाठी मात्र रकाना होता. उभ्या उभ्या, अर्ध्या मिनिटात नोंद झाली.

तासाभरापूर्वी तोच पोरगा आणि भाच्याचा मधला मुलगा एकाच वाफ्यात, एकाच पद्धतीनं, मिरचीला भर देत होते. एकाचं ते शिक्षण होतं. दुसऱ्याचं काम.

हे घर मी आतून पाहिलं आहे, त्यामुळे घरशाळेबद्दल, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याबद्दल, जे दोन्ही बाजूंनी बोललं जातं त्यातलं बरंचसं मला अर्धवट वाटतं. शहरातली मंडळी तिच्याविषयी बोलतात ती जणू मुक्ती आहे अशा सुरात. माझे शिक्षक मित्र बोलतात ते श्रीमंतांचं खूळ म्हणून. इथे श्रीमंती म्हणावी तर बारा एकर, त्यात केळी आणि कापूस, दोन भावांत, आणि केळीचा भाव पडला की तीही नाही. घरशाळा सुरू झाली तिचं कारण साधं आहे. थोरल्या सुनेनं डी.एड. केलेलं, आणि शिक्षकभरती वर्षानुवर्षं होईना. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तिनं घरातली मुलं पडवीत बसवली. शाळा उघडल्या तरी ती उठलीच नाहीत. राज्यानं जिला वर्ग दिला नाही, तिनं तो घरात भरवला.

उन्हाळ्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून वेळापत्रक उन्हाच्या मर्जीनं चालतं. सहा ते साडेआठ बागेत. मग न्याहारी, तीही बहुतेक कळण्याची भाकरी आणि ठेचा. दुपारभर धाब्याच्या जुन्या खोलीत लिहिणं-वाचणं, कारण ती एकच खोली गार. उन्हं उतरली की पुन्हा पाणी, गुरं, आणि थोरल्या आजीच्या गोष्टी. घरामागे दहा गुंठे परसबाग आहे. प्रत्येकाच्या नावावर एक वाफा. गिलक्या-दोडक्याचा एक मांडव सामायिक, आणि कडेनं शेवगा, लिंबू, कढीपत्ता, दोन सीताफळं. शेंडेफळ पाच वर्षांचं. त्याच्याकडे मुळा दिलाय, कारण मुळा महिना-सव्वा महिन्यात हाताशी येतो आणि उपटताना पोराला आपण पैलवान वाटतो.

तेरा वर्षांच्या मुलाचा एक धडा मी पाहिला, तो सांगायलाच हवा. केळी पाच बाय पाच फुटांवर लावायची, तर एकरात झाडं किती? एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. एका झाडाला २५. त्यानं पाटीवर भागाकार केला आणि १७४२ असं उत्तर आणलं. अचूक. माझ्या वर्गात इथे बरोबरची खूण झाली असती आणि घंटा वाजली असती. इथे तो बापाकडे गेला. बाप म्हणाला, "मी तर एकराले साडेसोळाशेच रोपं लायेल शेत." मग उरलेली ९२ झाडं गेली कुठे? दुसऱ्या दिवशी पोरगं टेप घेऊन शेतात फिरलं. बांध, विहिरीकडची वाट, पाइपलाइनचा पट्टा, ट्रॅक्टर वळवायला सोडलेली जागा. दोन दिवस मोजत होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं हिशेब मांडला की ९२ झाडं म्हणजे २,३०० चौरस फूट, दोन गुंठ्यांहून थोडं जास्त, आणि तेवढी जमीन 'पीक न देता कामाची' आहे. हे शब्द त्याचेच. मी तीसेक वर्षं क्षेत्रफळ शिकवलं. माझ्या एकाही विद्यार्थ्याला हरवलेली झाडं शोधावी लागली नाहीत.

पाठोपाठ पाण्याचं गणित आलं. झाडाला ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर, चैत्रात झाडाला वीस लिटर द्यायचे, तर मोटार किती वेळ चालवायची? अडीच तास. आणि वीज दोन तासांतच गेली तर झाड किती लिटरनं उपाशी राहिलं? हे उदाहरण पुस्तकात येत नाही, कारण पुस्तकातली वीज कधी जात नाही. नागरिकशास्त्रही असंच. केळीचा बोर्डावरचा भाव एक आणि बांधावर आलेला व्यापारी देतो तो दुसरा, हे या मुलांना दर हंगामात दिसतं. बाजार समिती कशासाठी असते, हा प्रश्न त्यांनी मला विचारला. मी व्याख्या सांगितली. ती ऐकून मुलं हसली.

आणि वांगी. भरिताची वांगी, ज्यांना २०१६ साली जळगावच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं. थोरल्या मुलीच्या वाफ्यात ती लागतात. हिवाळ्यात पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, साल काढायची आणि लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणीबरोबर ठेचायची, हा सगळ्या घराचा सोहळा. पण वाफ्यातलं सगळ्यात देखणं वांगं भाजायचं नाही. ते बियाण्याला ठेवायचं, पार पिवळं पडेपर्यंत झाडावर. धाकट्यांना हे पटत नाही, एकानं तर त्यासाठी रडून घर डोक्यावर घेतलं. उत्तम ते आज खायचं नाही, हे त्या पोरांना सहाव्या-सातव्या वर्षी कळतं. मूल्यशिक्षणाच्या तासाला आम्ही फळ्यावर 'संयम' लिहायचो.

भाषेचंही एक सांगतो. ही मुलं अहिराणीत विचार करतात, अहिराणीत भांडतात आणि प्रमाण मराठी लिहायला शिकतात. घरात कुणी त्यांना 'शे' म्हटलं म्हणून टोकत नाही. मी टोकलेलं आहे. 'शे'चा 'आहे' करायला पट्टी उगारलेली आहे, आणि तेव्हा मला ते कर्तव्य वाटायचं. कितीतरी पोरं पहिलीत वर्षभर गप्प बसली ती मुकी होती म्हणून नव्हे. घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवून या, असं आम्ही त्यांना सांगितलं होतं.

इथवर वाचून मी घरशाळेच्या बाजूचा आहे असं वाटेल. आहेही. मुलांना लिहितावाचता किती येतं हे तपासणाऱ्या 'असर'च्या पाहण्या वर्षानुवर्षं सांगताहेत की देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही. असं असताना एखाद्या आईनं मी घरी शिकवते म्हटलं, तर तिला गुन्हेगार ठरवायचा हक्क आम्हाला उरत नाही.

पण त्याच घरातलं दुसरंही पाहिलं आहे.

मधल्या मुलाला वाचन येईना. आठव्या वर्षी येईना, नवव्या वर्षीही. जोडाक्षर आलं की अडायचा, दहा मिनिटांत डोकं दुखतं म्हणून पुस्तक मिटायचा आणि बागेत पळायचा. बागेत तो सगळ्यात हुशार. घरशाळेच्या मंडळींत एक लाडकं तत्त्व आहे: घाई करू नका, मूल तयार झालं की आपोआप वाचेल. भाचेसुनेनं ते पाळलं. मीही पाळलं, कारण तक्ते भरून कंटाळलेल्या माणसाला असलं तत्त्व गोड लागतं. दोन वर्षं गेली. मग कुठल्याशा नेत्रशिबिरात आजीला मोतीबिंदूसाठी नेलं असताना सहज त्याचेही डोळे तपासले, तर चांगला जाड प्लसचा नंबर निघाला. पोराला लांबचं शेत दिसत होतं, जवळचं अक्षर धरताना डोळे थकत होते. चष्मा लागला आणि चार महिन्यांत तो वर्तमानपत्र वाचायला लागला. दोन वर्षं आम्ही ज्याला 'मुलाची गती' म्हणत होतो तो चष्म्याचा अभाव होता.

शाळेत हे लवकर सापडलं असतं का? बहुधा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. डोळे, दात, कान, वजन, सगळं पाहतं. जंताची गोळी शाळेत मिळते. दहाव्या वर्षीची धनुर्वाताची लस शाळेत आठवते. पथक कधी कधी रजिस्टर भरण्यापुरतं येतं हेही मला माहीत आहे. मी त्यांना चहा पाजलेला आहे. तरीही, शाळा म्हणजे फक्त धडे नसतात. घराबाहेरच्या चार मोठ्या माणसांच्या नजरेखालून मूल रोज जातं. कुणाला त्याचा खोकला ऐकू येतो, कुणाला पाठीवरचा वळ दिसतो. घर कितीही प्रेमाचं असलं तरी ते स्वतःकडे बाहेरून पाहू शकत नाही. या घरात तर दोन आया होत्या, एक डी.एड. होती, एक निवृत्त शिक्षक येऊन-जाऊन होता. आम्हा सगळ्यांना दिसलं नाही.

दुसरी गोष्ट थोरल्या मुलीची. वय पंधरा. सात मुलांच्या घरशाळेत शिकवणारी एक आई पुरत नाही, कारण त्या आईला चूल आहे, सासू आहे, कापूस वेचणीला आलेल्या बाया आहेत. मग दुपारी धाकट्या तिघांना कोण बसवतं? थोरली. पाढे कोण म्हणून घेतं, पाटीवर अक्षर कोण गिरवून देतं? थोरली. शिकवता शिकवता तिचंच पक्कं होतं, असं भाचा मला म्हणाला. खरं आहे, काही अंशी. पण तिच्याच वयाचा तिचा चुलतभाऊ त्या वेळी ठिबकच्या नळ्या धूत असतो किंवा झोपलेला असतो, आणि शिकवून पक्कं करण्याची गरज त्याला कधी पडलेली नाही. एकदा संध्याकाळी वांग्याला पाणी देताना मी तिला विचारलं, तुझा अभ्यास कसा चाललाय. ती नळी न सोडता म्हणाली, "नाना, सगळास्ना अभ्यास मी लेस. मना कोन लेस?"

मोठ्या कुटुंबातल्या घरशाळेवर जे काही छान छान लिहिलं जातं, त्यात ही मुलगी कुठे दिसत नाही. फोटोत दिसते, कडेवर धाकटं घेऊन. सर्वेक्षणात 'भावंडं सांभाळणे' या कारणाखाली मी हजार मुली लिहिल्या असतील. या मुलीला त्या यादीत लिहायचं माझ्या मनात कधी आलं नाही, कारण घर आपलं, पुस्तकं कपाटभर, आई शिकलेली.

खान्देशात घरशाळेचा विषय निघाला की कुणीतरी बहिणाबाईंचं नाव काढतंच. त्या कुठे शाळेत गेल्या होत्या? आसोद्यात जन्मलेल्या, जळगावात नांदलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बाईनं जे रचलं ते पदव्यांच्या माळा घातलेल्यांना जमलं नाही. बरोबर. पण १९५१ साली त्या गेल्या, आणि त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली ती कुणामुळे? लिहिता येणाऱ्यांमुळे. शिकून कवी झालेल्या मुलानं, सोपानदेवांनी, ती कागदावर जपली आणि पुढे १९५२ मध्ये ती छापली गेली. जात्यावर, शेतात तेवढंच अफाट काही रचणाऱ्या आणखी किती बाया होत्या, ज्यांच्या घरात लिहिणारं कुणी नव्हतं, त्यांची यादी करता येणार नाही. शाळेची गरज नाही याचा पुरावा म्हणून बहिणाबाईंना उभं करणं मला अन्याय वाटतो. त्यांना स्वतःला अक्षर नको होतं, असं कुणी सांगितलं?

सक्ती हा शब्द आज वाईट झाला आहे. घरशाळेची मंडळी म्हणतात, मूल आमचं, सरकारनं सक्ती कशाला करावी. या सक्तीला आपल्याकडे इतिहास आहे, आणि तो साहेबाच्या कचेरीत घडलेला नाही. १८८२ मध्ये इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मागणी केली की किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. सयाजीराव गायकवाड मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचं पोर, म्हणजे आमच्या अहिराणी मुलखातलंच. १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक जाईपर्यंत त्यांनाही अक्षराची फारशी ओळख नव्हती. राज्य हाती आल्यावर त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं. गुरांमागे राहिलो असतो तर काय झालं असतं, हे ज्याला स्वतःच्या जिवावरून माहीत होतं, त्यानं सक्ती केली. ती मुलावर नव्हती, पोराला कामाला लावणाऱ्या बापावर आणि मालकावर होती.

आजचा कायदा मात्र गोंधळलेला आहे. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे त्याच्या दहाव्या कलमानं पालकाचं कर्तव्य ठरवलं; घातलं नाही तर पालकाला शिक्षा मात्र ठेवली नाही. घरशाळा हा शब्द त्यात कुठे नाही. म्हणजे भाच्याचं घर कायद्यात बसतही नाही आणि कायद्याला सापडतही नाही. त्याहून गमतीचा पेच बालमजुरीच्या कायद्यात आहे. १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं सरसकट बंद झालं. सवलत दोनच जागी उरली. एक बालकलाकारांची. दुसरी घरच्या कामाची: मुलानं आपल्या कुटुंबाला, कुटुंबाच्या धंद्यात मदत केली तर चालेल, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत. आता ज्या घरात शाळाच घर आहे, तिथे शाळेची वेळ कुठली आणि सुटी कुठली? केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांची छाटणी हा जीवशास्त्राचा तास की मजुरी वाचवणं? भाच्याला हे विचारलं तर तो चिडला. चिडण्यासारखंच आहे. पण त्याच्या उत्तरावर माझा विश्वास बसला तो तो माझा भाचा आहे म्हणून. प्रत्येक बाप माझा भाचा नसतो.

सालदाराचा पोरगा याच प्रश्नाची दुसरी बाजू. खान्देशात सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि आखाजीला संपतं. हे कुटुंब सातपुड्यातून उतरलेलं पावरा आदिवासी कुटुंब. मुलाचं नाव वरच्या पाड्यावरच्या शाळेत कधीतरी घातलेलं होतं. बाप खाली आला, पोरगं मागोमाग आलं, नाव तिथेच राहिलं. त्याला भाच्याच्या मुलांइतकंच येतं. काही बाबतीत जास्त. कुठल्या झाडावर केवडा रोग आलाय, कुठलं पील ठेवायचं, साप बिळात कुठल्या बाजूनं गेला. तीन भाषा बोलतो: घरी पावरी, शेतात अहिराणी, मोबाइलवरची हिंदी. बागेतून शिक्षण होतं हे म्हणणं खरं असेल, तर हा पोरगा तालुक्यात पहिला यायला हवा.

मी त्याच्या आईला म्हटलं, याला पण दुपारी या मुलांबरोबर बसव. ती बसवायला तयार होती. पण तिनं एक विचारलं ते लक्षात राहिलं. ही मुलं सकाळी बागेत काम करतात त्यालाही शाळाच म्हणतात ना? मग याला पुस्तकच द्या, खुरपं त्याला येतं. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, हातानं काम करत शिका म्हणून, आणि ती पुढे का रुजली नाही यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलंय. त्या बाईनं एका वाक्यात सांगितलं. ज्याच्या हातात पुस्तक आधीच आहे, त्याच्यासाठी खुरपं शिक्षण असतं. ज्याच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या खुरपंच आहे, त्याला बागेचं कौतुक सांगणारा माणूस संशयास्पद वाटला तर त्याचं काय चुकलं?

म्हणून मला जे मागायचं आहे ते एकट्या घरशाळेसाठी मागता येत नाही. घरशाळेला कायद्यात जागा द्या, स्पष्ट, लपवाछपवीशिवाय. गावच्या शाळेच्या पटावर 'घरी शिकणारे' म्हणून वेगळं पान असू द्या. त्या मुलांना शाळेतली आरोग्य तपासणी, पुस्तकं, खेळाचं मैदान, ग्रंथालय खुलं हवं. त्याचा खर्च फारसा नाही, सवय बदलायची आहे. आणि वर्षातून एकदा एक बाहेरचा माणूस त्या घरी जाऊन प्रत्येक मुलाशी, आईबापाला बाजूला ठेवून, अर्धा तास बोलला पाहिजे. परीक्षा नको. परीक्षा आली की घरशाळेची शिकवणी होईल आणि मग बागही राहणार नाही. फक्त वाचतं का, दिसतं का, ऐकू येतं का, कुणाला शाळेत जायचंय का, आणि घरातली थोरली मुलगी दुपारी काय करते. मुलाला परत शाळेत जायचं असेल तर वाट मोकळी आहे. वयानुसार वर्गात घ्या आणि मागं पडलेलं भरून काढायला खास शिकवा, असं शिक्षणहक्काच्या चौथ्या कलमात लिहिलेलंच आहे. मोठ्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहे.

घरशाळेची काही मंडळी यावर म्हणतील, ही इन्स्पेक्टरशाही आली. येऊ शकते, खात्यात आयुष्य गेलंय, चहापाण्यावर भागणारे निरीक्षक मीही पाहिलेत. पण चष्म्याचा पोरगा मला विसरता येत नाही.

शिक्षक मित्रांचा आक्षेप वेगळा. असं झालं तर जिल्हा परिषदेच्या शाळा ओस पडतील. त्या ओस पडल्या, पण घरशाळांमुळे नव्हे. रोज सकाळी गावाच्या फाट्यावर येणाऱ्या खासगी शाळांच्या पिवळ्या गाड्यांमुळे पडल्या, आणि त्या गाड्यांत आम्हा शिक्षकांचीही पोरं बसतात. उरलेलं काम पटसंख्येच्या हिशेबानं होतंय. २०२३ मध्ये राज्यानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचं ठरवलं. नमुना म्हणून आमच्या नंदुरबारमधल्या तोरणमाळचं नाव घेतलं गेलं. तोरणमाळला निवासी सोय आहे. प्रत्येक पाड्याजवळ तोरणमाळ नाही. शाळा पाच किलोमीटर लांब गेली की पाड्यावरची मुलगी कुणी न विचारता घरी राहते. तिच्या घरी राहण्याला घरशाळा कुणी म्हणणार नाही.

मला घरशाळेकडून शाळेसाठी घ्यायचं आहे ते एवढंच: टेप घेऊन दोन दिवस शेतात फिरायला मुलाला मिळालेली फुरसत. पोषण आहारासाठी परसबाग करा असे आदेश शाळांना आलेले आहेत. स्पर्धाही होतात, फोटो जातात. पण वाफ्यातली ९२ झाडं हरवू द्यायला वेळापत्रकात जागा नाही, आणि दोन शिक्षकांच्या शाळेत एक शिक्षक तक्ते भरत असेल तर ती होणारही नाही. ज्या शिक्षकानं भाच्याच्या ओट्यावर 'इतर'वर खूण केली, त्याच्याकडे त्या आठवड्यात चार वर्ग होते.

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. थोरलीनं मुक्त विद्यालयाच्या दहावीला नाव घातलंय, तिच्या हट्टानं, आणि दुपारच्या तासाला आता घरातली धाकटी सून बसते. ती बारावी शिकलेली आहे हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. थोरलीनं घरशाळेची हजेरी ठेवायला एक वही केली आहे, रेघा मारून, शाळेतल्या कॅटलॉगसारखी. मी चाळली. सात नावांखाली आठवं नाव सालदाराच्या पोराचं. सातांच्या पुढे बहुतेक दिवस 'ह'. त्याच्यापुढे पहिले पाच दिवस 'ह', मग सलग अकरा 'गै'.

"हाऊ कथा गया?" मी विचारलं.

"गुरेसमांगे," ती म्हणाली, आणि त्या दिवसाच्या चौकोनात बारावा 'गै' लिहिला.